‘नस्ती आढळून येत नाही’ असे उत्तर आले, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत. महापालिकेत किंवा नगरपरिषदेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला, उत्तरही आले, पण उत्तरासोबत कागद नाही. माझी नोकरी नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात गेली. अर्जदाराला जे टेबल दिसते त्याच्या मागच्या खोलीत काय असते ते मी रोज पाहिले आहे. म्हणून हे संपूर्ण सदर आज याच विषयाला देते. पत्रांतली गावे आणि नावे काढली आहेत, प्रश्न मात्र वाचकांचेच.

ताई, आमच्या सोसायटीची इमारत १९८९ सालची. मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरऐवजी सरकारी आदेशाने मालकी सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हवी आहे. बिल्डर वारले, त्यांच्या मुलांकडे काही नाही. महापालिकेत अर्ज केला तर मुदत संपायच्या आदल्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले : ‘सदर नस्ती अभिलेख कक्षात आढळून येत नाही, सबब माहिती निरंक.’ विषय इथे संपला का? (एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव)

मुळीच नाही. नस्ती म्हणजे फाइल, आणि ती ‘आढळून येत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कारण कायद्यात कुठेच नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये नकाराची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत. त्यात देशाची सुरक्षा आहे, व्यापारी गुपिते आहेत, वैयक्तिक माहिती आहे. हरवलेली फाइल नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मधल्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे : जी माहिती कधीकाळी कार्यालयात होती, ती आता सापडत नाही एवढे सांगून कार्यालयाला सुटता येत नाही. कसून शोध घ्यायचा, आणि तरीही मिळाली नाही तर जबाबदारी कोणाची ते ठरवायचे.

तुमच्या हातातले उत्तर नीट वाचा. त्यात नस्ती नष्ट केली असे म्हटलेले नाही. कधी तयारच झाली नव्हती असेही म्हटलेले नाही. फक्त आढळत नाही. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा कागदोपत्री माग वेगळा असतो. तो माग तुम्ही अजून मागितलेलाच नाही. तिथून सुरुवात करा.

नस्ती अभिलेख कक्षात येते कशी, ते आधी सांगते. परवानगीचे काम संपले की बांधकाम विभागातला लिपिक नस्ती बंद करतो, पानांना क्रमांक घालतो आणि वेष्टनावर वर्ग लिहितो : अ, ब, क, क-१ किंवा ड. अ म्हणजे कायम जपायची, ब म्हणजे तीस वर्षे. त्याखालचे वर्ग दहा, पाच आणि एक वर्षाचे असतात, खात्याप्रमाणे थोडा फरक पडतो. मुदत मोजायची ती नस्ती बंद झाल्यापासून, अर्ज आल्यापासून नव्हे. मग अशा नस्त्यांची यादी होते, दोन प्रतींत. यादीसकट गठ्ठा आमच्याकडे येई. मी एकेक नस्ती यादीशी ताडून पाही, यादीवर सही करी, एक प्रत विभागाला परत जाई आणि दुसरी माझ्या फायलीत राही. मग त्या नस्त्या कापडी रुमालात बांधायच्या, गाठीत चिठ्ठी अडकवायची : विभाग, वर्ष, नस्ती क्रमांक पासून ते पर्यंत, वर्ग, आणि कोणत्या साली नष्ट करायची ते साल. अ वर्गाच्या चिठ्ठीवर सालाच्या जागी ‘कायम’ लिहायचे. आमच्या कार्यालयात मंजूर नकाशे असलेल्या नस्त्या याच वर्गात होत्या.

म्हणजे नस्ती एक असली तरी तिच्या नोंदी चार-पाच ठिकाणी असतात. बांधकाम परवानगीची नोंदवही असते, आवक-जावक असते, पाठवणीची यादी असते, फाइल कोणी बाहेर नेली तर हालचाल नोंदवही असते, आणि नष्ट केली असेल तर नाश यादी व तिच्यावरची मंजुरी असते. नस्ती हरवते, पण या सगळ्या नोंदी एकदम हरवत नाहीत.

तेव्हा नवा अर्ज करा आणि त्यात हे मागा :

‘सिटी सर्व्हे नं. अमुक या भूखंडाबाबत (एक) १९८७ ते १९९० या काळातील बांधकाम परवानगी नोंदवहीतील आणि भोगवटा प्रमाणपत्र नोंदवहीतील नोंदीची प्रमाणित प्रत. (दोन) संबंधित नस्ती बांधकाम विभागाकडून अभिलेख कक्षाकडे पाठवल्याच्या यादीची प्रत. (तीन) अशा नस्त्यांना लागू असलेला वर्ग व जतन कालावधी दर्शवणारे पृष्ठ. (चार) नस्ती कक्षाबाहेर दिली असल्यास हालचाल नोंदवहीतील नोंद. (पाच) नस्ती नष्ट केली असल्यास नाश यादीतील नोंद आणि मंजुरी आदेश. वरील नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणीही करावयाची आहे.’

हा अर्ज सत्तर शब्दांच्या आसपास आहे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एक विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे, त्यात तो बसतो.

दुसरीकडे, पहिल्या उत्तरावर प्रथम अपील करायला विसरू नका. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवस आहेत. जोडपत्र ‘ब’, म्हणजे अपिलाचा ठरलेला नमुना, भरायचे, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अपिलात भावनिक काही लिहू नका. तीन मागण्या करा : शोध कोणी, कोणत्या तारखेला, कुठे घेतला याचा लेखी अहवाल द्यावा, नस्ती न मिळाल्यास उपलब्ध प्रतींवरून तिची पुनर्बांधणी करावी, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे कारवाई करावी. हा तिसरा मुद्दा लोकांना माहीत नसतो. या अधिनियमाखाली सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपिलात या कायद्याचे नाव आले की शोधाला जरा वेगळी गती येते, हे मी पाहिले आहे. त्यात धमकी नाही. ज्यांच्या ताब्यात लोकांचे कागद असतात त्यांनी ते जपावेत, एवढीच त्या कायद्याची अपेक्षा आहे आणि ती अगदी रास्त आहे.

अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, लांबला तर कारणासह पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. तिथेही नुसतेच ‘शोध घ्यावा’ असे मोघम आदेश झाले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोग जन माहिती अधिकाऱ्याकडून, म्हणजे तुमच्या अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, प्रतिज्ञापत्र घेऊ शकतो. शपथेवर ‘नस्ती नाही’ असे लिहायची वेळ आली की ती पुष्कळदा सापडते.

पण आयोगाकडे तारीख लागायला फार वेळ जातो आणि तुमचे काम थांबलेले आहे. म्हणून तोच कागद दुसरीकडे शोधा. मंजूर नकाशा फक्त बांधकाम विभागात नसतो. करआकारणी विभागाने इमारतीची पहिली आकारणी केली तेव्हा भोगवट्याची तारीख कशावरून धरली? त्यांच्या नस्तीत प्रत असू शकते. पाणीपुरवठा विभागात जलजोडणीचा मूळ अर्ज असतो, त्याला काय काय जोडले होते ते पाहा. तुमच्यापैकी ज्यांनी पहिल्या दिवशी फ्लॅट घेतला त्यांचा नोंदणीकृत करारनामा दुय्यम निबंधकांकडे आहे, त्याला नकाशा जोडलेला असण्याची शक्यता चांगली. ज्या सभासदाने गृहकर्ज काढले त्याच्या बँकेने कागद मागितले असणार. वास्तुविशारदाचे कार्यालय अजून चालू असेल तर तिथेही विचारा. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागून असंख्य नस्त्या जळाल्या, तेव्हा शासनानेही हेच केले. ज्या कार्यालयांकडे प्रती होत्या त्यांच्याकडून मागवून नस्त्या पुन्हा उभ्या करायचे काम हाती घेतले. शासनाला जे करता येते ते तुमच्या महापालिकेलाही एका इमारतीपुरते करता येईल. मिळालेल्या प्रती अपिलाला जोडा, पुनर्बांधणीची मागणी भक्कम होते.

आमच्या वॉर्डातला रस्ता वर्षभरात उखडला. मी अर्जात विचारले : ‘रस्ता इतक्या लवकर का खराब झाला? जबाबदार कोण? कारवाई कधी करणार?’ उत्तर आले की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. हे बरोबर आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

राग येईल असे उत्तर आहे, पण कायद्याला धरून आहे. कायदा तुम्हाला कार्यालयात असलेला कागद देतो, अधिकाऱ्याचे मत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितले की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. म्हणून ‘का’ विचारू नका. ज्या कागदात ते ‘का’ दडलेले आहे तो कागद मागा.

रस्त्याच्या कामात असे कागद ठरलेले असतात. मंजूर अंदाजपत्रक, निविदेच्या अटी, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, गुणनियंत्रण चाचणीचे अहवाल, अदा केलेली देयके, काम पूर्ण झाल्याचा दाखला. यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती, सर्वांत महत्त्वाची. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मोजून लांबी, रुंदी, थराची जाडी तिच्यात लिहिलेली असते आणि त्याच आकड्यांवर ठेकेदाराचे देयक निघते. अंदाजपत्रकात डांबरी थर किती, एमबीत किती लिहिला, आणि उखडलेल्या कडेला तुमच्या फूटपट्टीवर किती भरतो, हे तीन आकडे शेजारी ठेवा. ‘जबाबदार कोण’ हे विचारायची गरज उरत नाही, पुस्तिकेत सही आहे.

निविदेतल्या दोष दायित्व कालावधीचे पानही मागा. तो चालू असेल तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून द्यायची असते. आणि एक गोष्ट फारच थोडे लोक वापरतात : कलम २ मधल्या व्याख्येप्रमाणे तुम्हाला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. कागदापुरता हा कायदा नाही.

अर्ज कोणाकडे करायचा ते महापालिकेच्या संकेतस्थळावर कलम ४ खालच्या सतरा मुद्द्यांच्या माहितीत पाहा, विभागवार जन माहिती अधिकाऱ्यांची यादी तिथे असायलाच हवी. चुकून दुसऱ्याच प्राधिकरणाकडे गेला, समजा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला, तर पाच दिवसांत तो अर्ज तिकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्ज का करता हे कोणी विचारले तर सांगू नका. कायद्याने ते सांगायचे नसते. शुल्क दहा रुपये, जोडपत्र ‘अ’, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. पोच मात्र घ्याच.

वीस वर्षांपूर्वीची माहिती देता येत नाही, असा नियम आहे म्हणतात. खरे का?

नेमके उलटे आहे. कलम ८ (३) असे सांगते की अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षे होऊन गेलेल्या घटनेची माहिती दिलीच पाहिजे, आणि तेव्हा नकाराची बहुतेक कारणे गळून पडतात. सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढेच अपवाद राहतात. नगरपालिकेच्या कामात यातले काय येणार?

मात्र हे कलम कागद जपायला लावत नाही, याची जाणीव ठेवा. वीस वर्षे आणि जतन कालावधी यांचा एकमेकांशी संबंध नाही. एखादा कागद पाच वर्षांच्या वर्गातला असेल, मुदतीनंतर रीतसर यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट केला असेल, तर माहितीचा अधिकार तो परत आणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे सांगितले : ठरलेल्या मुदतीपलीकडे कागद जपण्याचे बंधन या कायद्याने येत नाही. म्हणून ‘मुदत संपली, नष्ट केला’ असे उत्तर आले तर वाद घालण्याआधी नाश यादी मागा. यादी असेल तर उत्तर खरे. यादी नसेल तर कागद नष्ट झालेला नाही, तो हरवलेला आहे किंवा कपाटात आहे, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हालाही लागू.

मी तीन वर्षांच्या बिलांच्या प्रती मागितल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आले की १,७०० पाने आहेत, ३,४०० रुपये भरा. हा अडवण्याचा प्रकार आहे का? मुदतीचे काय होते? (निवृत्त शिक्षक)

दर बरोबर आहे, पानाला दोन रुपये. हिशेबही बरोबर आहे. पत्र मुदतीत आले आहे, त्यामुळे शुल्क द्यावे लागेल, आणि पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत मोजले जात नाहीत. हेच पत्र एकतिसाव्या दिवशी निघाले असते तर सगळी पाने फुकट द्यावी लागली असती, कलम ७ (६) प्रमाणे.

पण तुम्हाला १,७०० पाने हवी आहेत का, याचा विचार करा. पैसे भरू नका. त्याऐवजी अभिलेख पाहणीची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नाही, पुढचे शुल्कही नाममात्र आहे. वही-पेन घेऊन बसा, देयकांची नोंदवही आधी पाहा, तिच्यात संशय येईल त्या नोंदीला खूण करा, मग तेवढ्याच देयकांच्या प्रती घ्या. मागच्या पानावरचे शेरे आणि टिपणीचा भाग बघायला विसरू नका. प्रत काढणारा पुष्कळदा फक्त पुढची बाजू काढतो. सामान्य प्रशासन विभागाने २०१८ मध्ये परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे सांगितले होते. तुमच्याकडे ते कसे चालते, ते जाऊन विचारा. पाहणीला गेलात तर जुन्या नोंदवह्यांची पाने अंगठ्याला थुंकी लावून उलटू नका, एवढी माझी विनंती.

महापालिकेच्या बागेत झोपाळ्याची साखळी तुटून माझ्या मुलाला दुखापत झाली. तिथे कॅमेरा आहे. चित्रीकरण माहितीच्या अधिकारात मिळेल का?

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला आधीच कळवले आहे. इतरांसाठी लिहिते. कॅमेऱ्याचे चित्रीकरण हाही अभिलेख आहे, पण त्याचे आयुष्य फार थोडे. साठवण भरली की नवे जुन्यावर चढते, बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांतच. आणि अर्जाला उत्तर द्यायची मुदत तीस दिवस. म्हणजे उत्तर येईपर्यंत चित्रीकरण जिवंत असेलच असे नाही.

म्हणून दोन कागद एकाच दिवशी द्या. एक माहितीचा अर्ज. दुसरे साधे पत्र, उद्यान विभागप्रमुखांना : अमुक बाग, अमुक दिशेचा कॅमेरा, अमुक तारीख, अमुक वेळ ते अमुक वेळ, एवढे चित्रीकरण वेगळे काढून जतन करावे, त्याबाबत माहितीचा अर्ज आजच दाखल केला आहे. दोन्हींवर आवक शिक्का आणि वेळ घ्या. एकदा अर्ज दाखल झाल्यावर त्यातली माहिती नष्ट केली तर कलम २० प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याला दंड होतो. दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून. दुखापत मोठी असेल तर पोलिसांत तक्रार द्या, ते चित्रीकरण थेट ताब्यात घेऊ शकतात. झोपाळ्याच्या देखभालीचा ठेका आणि शेवटच्या तपासणीची नोंद हेही मागा. चित्रीकरणात पडणे दिसेल, पण साखळी कधीपासून झिजली होती ते त्या नोंदीत दिसेल.

आजोबांचा १९३८ सालचा जन्मदाखला हवा आहे. माहितीचा अर्ज करू का?

नको. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये नोंद शोधून दाखला मिळवण्याची स्वतंत्र तरतूद आहे. निबंधकाकडे शोध शुल्क भरून अर्ज करा. या नोंदवह्या कायम जपायच्या असतात, जुन्यासुद्धा. त्या काळच्या नोंदी मोडीत असू शकतात आणि पुष्कळदा मुलाचे नाव न लिहिता ‘पुल्लिंगी’ आणि वडिलांचे नाव एवढेच लिहिलेले असते. तेव्हा पणजोबांच्या नावाने, त्यावेळच्या पेठेच्या किंवा वाडीच्या नावाने शोधा.

मी एका नगरपरिषदेत लिपिक आहे. अभिलेख कक्षाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला आहे. छत गळते, खालच्या रॅकला वाळवी आहे, चालायला जागा नाही. साहेब तोंडी म्हणाले, ‘दहा वर्षांपूर्वीचे सगळे रद्दीत काढ.’ काढू का?

तुम्ही हा प्रश्न विचारलात याचे मला फार बरे वाटले. या सदरातल्या बाकीच्या सगळ्या पत्रांचे मूळ अशाच एखाद्या तोंडी आदेशात असते.

काढू नका. ‘दहा वर्षांपूर्वीचे सगळे’ असा कोणताही वर्ग नसतो. त्या ढिगात सर्वसाधारण सभेची आणि स्थायी समितीची इतिवृत्ते असतील, करआकारणीच्या नोंदवह्या असतील, बांधकाम परवानग्या असतील. त्या गेल्या तर गावातल्या कोणाच्या तरी घराचा पुरावा गेला.

आधी ओले कागद सांभाळा. भिजलेले रुमाल सोडा, नस्त्या सुट्या करा आणि पंख्याखाली सुकवा. उन्हात टाकू नका, कागद ठिसूळ होतो. पाने चिकटली असतील तर ओढू नका. वाळवी लागलेले गठ्ठे चांगल्या गठ्ठ्यांपासून लगेच दूर करा, रॅक भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि खालचा कप्पा मोकळा सोडा. जे वाचण्यापलीकडे गेले आहे त्याचा दोन साक्षीदारांसमक्ष पंचनामा करा, फोटो काढा. उद्या कोणी अर्ज केला तर ‘आढळून येत नाही’ असे लिहायची पाळी तुमच्यावर येणार नाही. काय गेले, कधी आणि कशाने, हे तुम्ही सांगू शकाल.

मग वर्गीकरण. सगळे एकदम होत नाही, एका विभागाचे एक वर्ष घ्या. तुम्हाला सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद पुढच्या कामाप्रमाणे सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत, शिकवली असेलच. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा आणि सहावा नष्ट करायचा. प्रत्यक्षात विभाग हे दोन्ही गठ्ठे एकत्र बांधून तुमच्या दारात आणून टाकतात. ते तसे घेऊ नका. यादीशिवाय आणि वर्ग लिहिल्याशिवाय एकही नस्ती घेणार नाही, असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. पहिल्या महिन्यात लोक चिडतात, नंतर यादी आणू लागतात.

मुदत संपलेल्या नस्त्यांची नाश यादी करा. त्यातून तीन प्रकारच्या बाजूला काढा : ज्यांच्यावर न्यायालयात दावा चालू आहे, ज्यांच्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप निकाली निघालेला नाही, आणि ज्यांच्याबद्दल माहितीचा अर्ज किंवा अपील प्रलंबित आहे. मुदत संपली असली तरी या नस्त्यांना हात लावायचा नाही. उरलेली यादी संबंधित विभागप्रमुखांकडे पाठवा, त्यांची सही घ्या, मग अभिलेख अधिकारी म्हणून ज्यांची नेमणूक आहे त्यांची मंजुरी. तुमच्या कार्यालयात अशी नेमणूकच झालेली नसेल तर तेही लेखी निदर्शनाला आणा. नष्ट करताना तुकडे करून करा, रद्दीवाल्याला अखंड नस्त्या विकू नका; त्यांत लोकांचे पत्ते, सह्या, उत्पन्नाचे दाखले असतात. नष्ट केल्याची तारीख यादीवर लिहा, आणि ती यादी मात्र कायमची जपा.

मोडीतले किंवा फार जुने काही सापडले तर ते वाचता येत नाही म्हणून ढिगात टाकू नका. पुराभिलेख संचालनालयाला पत्र लिहा, हे त्यांचे काम आहे आणि १८२१ पासून मुंबईत ते चालू आहे.

आता साहेबांचे. तोंडी आदेशाला तोंडी नकार देऊ नका, त्याने फक्त वैर येते. एक टिपणी सादर करा : कक्षाची स्थिती अशी आहे, छताची दुरुस्ती आणि वाळवी नियंत्रण तातडीने हवे, नाश यादी तयार करण्यास सुरुवात केली आहे, महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मधील तरतुदी पाहता यादी व मंजुरीशिवाय अभिलेख नष्ट करता येणार नाहीत, पुढील आदेश व्हावेत. त्यांनी सही केली तर तुमचे काम मार्गी लागले. त्यांनी टिपणी तशीच ठेवली तर आठवड्याने स्मरणपत्र द्या. दोन्हींची आवक नोंद घ्या, आणि स्थळप्रत कार्यालयातल्या कपाटात ठेवाच, पण एक स्वतःच्या घरीही ठेवा.